तापलेली कढई

आमचा एक पुतण्या पुष्कळ वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या घरीं भाद्रपदांत बसणारी मूर्ति पेणची असते. पेणच्या मूर्ति समुद्रापार जाणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. परंतु तिकडून आमच्या रोह्याच्या घरीं फोनवरून जी वार्ता आली, ती मात्र नवलाचीच होती. त्याचा शेजारी दर वर्षीं आपल्या अंगणांत मोठें पातेलें भरून तेल तापवितो आणि टर्की नांवाचा अख्खा पक्षी त्यांत सोडून तळतो. आमच्या चिरंजिवांनीं तें पाहिलें, आणि तसलीच शेगडी व तसलेंच पातेलें घेऊन यंदा गणपतींत साठ माणसांचे बटाटेवडे व तळणीचे मोदक अंगणांत तळावे, असा बेत मनांत आणला. आईचा आणि काकाचा सल्ला हवा, म्हणून फोन होता.

शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. पक्षी कोणाच्या पानांत वाढावयाचा नाहीं. तापलेल्या तेलाचा स्वभाव मात्र मांस आणि मोदक असा भेद जाणत नाहीं, आणि माझें प्रयोजन तेलाशीं आहे.

हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला. सन १६१२ मध्यें मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून कांहीं अपूर्व वस्तु जहांगीर बादशहासाठीं नेल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या मानेचे व तुऱ्याचे रंग क्षणोक्षणीं पालटतात हें पाहून बादशहास इतकें कौतुक वाटलें कीं, त्यानें आपल्या आत्मचरित्रांत त्याचें वर्णन लिहून ठेविलें आणि त्याचें चित्रही काढविलें. उस्ताद मन्सूर या चित्रकाराचें तें चित्र लंडनच्या संग्रहालयांत आहे. पक्षी पाहून थक्क व्हावें, एवढीच बुद्धि बादशहास झाली. तळण्याची झाली नाहीं, हें त्या पक्ष्याचें भाग्य.

अमेरिकेंत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं कृतज्ञतेचा सण असतो, व त्या दिवशीं हा पक्षी घरोघर शिजतो. भट्टींत तो भाजण्यास तीन-चार तास लागतात. लुइझियाना प्रांतांतील लोकांनीं तो तेलांत तळण्याची रीत काढली. पांच-सहा किलोंचा पक्षी त्या रीतीनें पाऊण तासांत होतो. तेल लागतें दहा ते पंधरा लिटर, आणि त्याची उष्णता राखावी लागते सुमारें १७५ अंश सेंटिग्रेड. दर वर्षीं त्या सणास तेथें कोणाच्या ना कोणाच्या घरास या पातेल्यापायीं आग लागते, व तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्था गृहस्थांनीं हा उद्योग घरीं करूंच नये असें सांगते.

आग कां लागते, हें समजण्यास एक चुकीचा शब्दप्रयोग आधीं सोडावा लागेल. ‘तेल उकळलें’ असें आपण म्हणतों; पण कढईंत तेल कधींच उकळत नाहीं. जे बुडबुडे दिसतात ते तळल्या जाणाऱ्या पदार्थांतील पाण्याचे. पाण्याची वाफ १०० अंशांवर होते, आणि तेल तर १७५ वर असतें. म्हणून पदार्थांतील ओलावा तेलांत शिरतांच वाफ होऊन बाहेर धांव घेतो. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळच्या सुमारें सोळाशें पट जागा लागते; चहाच्या एका चमच्याएवढ्या पाण्याची आठ लिटर वाफ! याच बळावर आपली पुरी फुगते. पेणचा पोह्याचा पापड उन्हांत कितीही वाळविला तरी त्यांत ओलाव्याचा अंश राहतो, व तो अंशच तेलांत पडतांच पापडास फुलवितो. परंतु हेंच बळ कोंडलें गेलें तर घातक होतें. साबुदाण्याचा वडा फुटून तेल अंगावर उडतें, अख्खी मिरची न चिरतां टाकली तर ती बाराप्रमाणें उडते, मोदकाची कळी नीट न मिटल्यास सारण तेलांत सांडून तडतडाट होतो, हें प्रत्येक गृहिणी जाणते. (अनारसा हसतो त्याचें कारण निराळें, तो दोष वाफेचा नसून गुळाचा किंवा तुपाच्या आंचेचा.)

आतां कल्पना करा कीं, वड्याच्या जागीं सहा किलोंचा पक्षी आहे, आणि त्याच्या पोटांत न वितळलेला बर्फ आहे. बर्फाचें पाणी, पाण्याची वाफ, आणि तीही तेलाच्या तळाशीं! पाणी तेलाहून जड, म्हणून तें वर तरंगत नाहीं; खालीं जातें आणि तेथून वरचें सगळें तेल उधळून देतें. तें खालच्या ज्वाळेवर सांडलें कीं संपलेंच. तिकडील जाणते लोक म्हणून गोठलेला पक्षी तीन-तीन दिवस शीतकपाटांत ठेवून वितळवितात व कोरडा पुसतात. शिवाय थंड पातेल्यांत आधीं पक्षी ठेवून तो बुडेल इतकें पाणीच भरतात, मग पक्षी काढून पाण्याची रेषा पाहतात, आणि तेल तेवढेंच घालतात. हा आर्किमिडीजचा नियम मीं तीस वर्षें फळ्यावर खडूनें शिकविला. कढईस तो लावावा हें मला कधीं सुचलें नाहीं.

सुचलें नाहीं तें एवढेंच नव्हे. सन १९९१ च्या दिवाळीच्या आधीं, वसुबारसेच्या संध्याकाळीं, आमच्या स्वयंपाकघरांत करंज्या तळणें चाललें होतें. पाट्यावर दोघी, लाटण्यास एक, आणि कढईशीं थोरल्या वहिनी. दारीं कोणी पाहुणे आले म्हणून घटकाभर सगळ्याच उठल्या, गॅस तसाच राहिला. तेल धुरावलें. शेंगदाण्याचें शुद्ध केलेलें तेल २३० अंशांच्या सुमारास धूर देऊं लागतें, घाण्याचें त्याहून बरेंच आधीं. धूर ही त्याची शेवटची सूचना होय. ती कोणी पाहिली नाहीं, आणि कढईंत एकदम हातभर ज्वाळा उभी राहिली. मी माजघरांत होतों. धांवत गेलों आणि हंड्यावरचा तांब्या उचलला. वहिनी दारांतून ओरडल्या, “भाऊजी, पाणी नको! पाणी नको!”

वहिनींचें शिक्षण चौथीपर्यंतचें, आणि मी शास्त्र शिकविणारा मास्तर. मीं पाणी टाकलें.

पुढें काय झालें तें एका क्षणांत झालें. पेटलेलें तेल कारंज्याप्रमाणें छतापर्यंत गेलें. वहिनी मला मागें ओढण्यास पुढें आल्या होत्या, म्हणून माझा वांटा त्यांच्या डाव्या हातावर पडला, कोपरापासून मनगटापर्यंत. त्याच हातानें त्यांनीं पितळी परात उचलून आपल्या बाजूनें सरकवीत कढईवर झांकली, उजव्या हातानें गॅस बंद केला, आणि मग त्या खालीं बसल्या. आतां ज्याचा फोन आला तो त्यांचा मुलगा तेव्हां पांच वर्षांचा होता व उंबऱ्यावर उभा राहून हें सर्व पाहत होता. शेजारणीनें शाईची दौत आणली, दुसरीनें तूप; सुदैवानें डॉक्टर जवळ होते. हल्लीं वैद्यक असें सांगतें कीं, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें साध्या गार पाण्याची धार धरावी, बर्फ, तूप, शाई, दंतमंजन कांहींच लावूं नये, आणि फोड आले असल्यास डॉक्टरांकडे जावें. म्हणजे पाणी हवेंच होतें. मीं तें चुकीच्या ठिकाणीं ओतलें.

वहिनींनीं मला त्याविषयीं आजतागायत एक शब्द ऐकविलेला नाहीं. हें लिहितांना त्याचाच भार अधिक वाटतो.

तेल पेटलें असतां गॅस बंद करावा, कढईहून मोठें झांकण, ताट किंवा परात वरून न टाकतां कडेनें सरकवावी, आणि तेल पुरें निवेपर्यंत ती उचलूं नये. घाईनें उचलल्यास हवा मिळून पुन्हां भडका होतो. पेटलेली कढई उचलून बाहेर नेण्याचा पराक्रम तर कधींच करूं नये. पीठही टाकूं नये, तें स्वतःच पेटतें. कढई निम्म्याहून अधिक भरूं नये, आणि तिला एकटी सोडूं नये.

तळण ही आपणांस नवीन नव्हे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, इ. स. ११३० च्या सुमारास, अन्नभोगाच्या प्रकरणीं पूरिका, वटक इत्यादि आलेच आहेत. पण अख्खी वस्तु उघड्यावर शिजवावयाची तर आमच्या या मुलुखाची रीत पोपटीची. थंडींत वालाच्या शेंगा, मीठ, ओंवा, भांबुर्ड्याचा पाला मडक्यांत दाबून भरावा, मडकें शेतांत उपडें घालून भोंवतीं जाळ करावा. तेलाचा थेंब नाहीं, पाण्याचा थेंब नाहीं. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. पेण-रोह्याकडील माणसास हें सांगणें नलगे. मी केवळ पुतण्यास आठवण म्हणून सांगितलें, आणि त्यानें न्यू जर्सींत भांबुर्डा कोठून आणूं, असें उलट विचारलें.

असो. मीं त्यास घरापासून दूर, मोकळ्या व सपाट जागीं शेगडी मांडण्यास, लांकडी ओट्यावर न मांडण्यास, आणि वडे थोडे थोडे सोडण्यास सांगितलें. माझें बोलणें लांबलें, शिक्षकाचें लांबतेंच. मग वहिनींनीं फोन घेतला. त्यांनीं एकच विचारलें, “त्या पातेल्याला झांकण आहे का रे?”

झांकण निराळें विकत घ्यावें लागतें, तो म्हणाला.

“मग आधीं तें घे. पातेलें मागाहून आण.”