पाच चित्रपटांचा संगीतकार

ऑर्केस्ट्रात ‘ऐरणीच्या देवा’ बसवायचं म्हटलं की आधी लोखंड शोधावं लागायचं. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून रुळाचा तुकडा उचलून आणला होता. दोरीनं टांगला तर तो देवळातल्या घंटेसारखा घुमत राहायचा आणि पुढची ओळ खाऊन टाकायचा. पोत्यावर ठेवला तर नुसता थाड्‌ असा मुका आवाज. शेवटी खाली रबराची पट्टी घातली, तेव्हा कुठं ठोका नेमका पडून नेमका मिटू लागला. मी हार्मोनियमवर असायचो. गणपतीच्या दिवसांत या गाण्याला वन्समोअर ठरलेला. निवेदकानं ‘संगीत आनंदघन’ म्हटलं की लोक विचारायचे, हे कोण? ‘लता मंगेशकर’ म्हणून सांगितलं तरी निम्म्यांना पटायचं नाही.

आमचा पुतण्या आता खोलीत लॅपटॉप आणि माईक घेऊन बसतो. स्वतः लिहितो, स्वतः गातो, ध्वनिमुद्रणही स्वतःच करतो. याला इंडी म्हणतात, असं तो मला समजावतो. त्याचं दैवत जस्टिन व्हर्नन नावाचा अमेरिकी गायक. विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या लाकडी खोपटात ऐन हिवाळ्यात एकट्यानं गाणी मुद्रित करून त्यानं 2007 मध्ये ती स्वतःच बाहेर काढली, आणि वर स्वतःचं नाव न घालता ‘बॉन इव्हेर’ असं घातलं. नाव लपवून काम करायची ही तऱ्हा पुतण्याला भारी नवी वाटते. त्याला म्हटलं, बाबा, हे आपल्या कोल्हापुरात साठ वर्षांपूर्वी झालंय, आणि तेही देशातल्या सगळ्यात मोठ्या गायिकेनं केलंय.

लताबाईंचं कोल्हापूरशी नातं फार आधीचं. 1942 च्या एप्रिलमध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा त्या जेमतेम साडेबारा वर्षांच्या. मागं चार भावंडं. घरोब्यातले मास्टर विनायक पाठीशी उभे राहिले. त्यांनी कोल्हापुरात प्रफुल्ल पिक्चर्स काढलं आणि लताबाई तिथं पगारावर छोट्या भूमिका करू लागल्या. ‘माझं बाळ’, ‘चिमुकला संसार’, ‘गजाभाऊ’ हे त्या दिवसांतले चित्रपट. आशाताईंचं पहिलं चित्रपटगीतही 1943 च्या ‘माझं बाळ’मधलंच. 1945 मध्ये कंपनी मुंबईला गेली, तसं हे कुटुंबही गेलं.

पुढं त्या कोल्हापूरकडं वळल्या त्या दिग्दर्शक भालजी पेंढारकरांमुळं. लताबाई त्यांना ‘बाबा’ म्हणत. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ खाक झाला. ‘मीठभाकर’ आगीत गेला, तो त्यांनी पुन्हा उभा केला. पण कर्ज काही फिटेना. 1959 मध्ये स्टुडिओ लिलावात निघायची वेळ आली तेव्हा लताबाईंनी तो घेतला, आणि भालजी तिथंच चित्रपट करत राहिले.

‘मोहित्यांची मंजुळा’च्या वेळी भालजींना हवा तो संगीतकार मोकळा मिळेना. लताबाई म्हणाल्या, मी करते. त्याआधी ‘राम राम पाव्हणं’ला त्यांनी उघडपणे स्वतःच्या नावानं चाली दिल्या होत्या. तरी भालजींना धास्ती वाटली. चित्रपट पडला तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा लागायचा. म्हणून ‘आनंदघन’ हे टोपणनाव आलं. लोक याला विनय म्हणतात. मला तो हिशेबीपणा वाटतो, आणि त्यात काही वावगंही दिसत नाही. मुंबईत रोज दहा संगीतकारांकडं गाणाऱ्या बाईनं स्वतः संगीतकाराची पाटी लावणं व्यवहाराच्या दृष्टीनं अवघडच होतं.

या नावावर चारच चित्रपट आले: ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964), ‘साधी माणसं’ (1965) आणि ‘तांबडी माती’ (1969). चारही भालजींचे. स्वतःच्या नावावरचा धरला तर पाच.

संगीतकार म्हणून लताबाईंची पारख मला कुठं दिसते? कुठलं गाणं कुणाला द्यायचं, यात. ‘रेशमाच्या रेघांनी’ स्वतः गायला त्यांना कोण अडवणार होतं? पण ती लावणी, तिला आशाताईंचा ठसका हवा, म्हणून ती आशाताईंना गेली. ‘शूर आम्ही सरदार’ हृदयनाथांना. एका द्वंद्वगीताला थेट हेमंतकुमारांना बोलावलं. स्वतःकडं ठेवलं ‘अखेरचा हा तुला दंडवत’. त्याचे शब्द भालजींचे, तेही ‘योगेश’ या टोपणनावानं. म्हणजे एका गाण्यावर दोन बुरखे!

‘ऐरणीच्या देवा’चे शब्द जगदीश खेबुडकरांचे. हळदी गावचे, पेशानं शिक्षक. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. 1948 च्या त्याच आगडोंबात त्यांचंही घर जळालं होतं आणि त्यातूनच सोळाव्या वर्षी त्यांची पहिली कविता आली. लोहाराच्या भात्यावरचं आणि ठिणगीवरचं हे गाणं अशा माणसानं लिहिलं, जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांच्यावर ते चित्रित झालं, आणि चालीत कुठं दिखाऊ हरकत नाही. हार्मोनियमवर वाजवताना कळतं, चाल अशी सोपी की शाळेतली पोर गाईल, पण ठोका चुकला की सगळं ढासळतं.

हे गाणं ज्यातलं, त्या ‘साधी माणसं’ला राज्य चित्रपट पुरस्कारांत आठ पारितोषिकं मिळाली. समारंभात उत्कृष्ट संगीतकार म्हणून आनंदघनांचं नाव पुकारलं, तेव्हा कुणीच उठेना. लताबाई सभागृहातच बसलेल्या. शेवटी संयोजकांनीच जाहीर करून टाकलं की आनंदघन म्हणजे ह्याच.

त्यांनी चित्रपटांची निर्मितीही केली. 1953 चा ‘वादळ’ आणि 1990 चा ‘लेकिन’ हे त्यातले. ‘लेकिन’मधल्या गाण्यानं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. पण चाली बांधणं ‘तांबडी माती’नंतर थांबलं. वेळ नाही, हे कारण त्या सांगत. माझ्या मते मराठी चित्रसंगीताचं त्यात मोठं नुकसान झालं. हजारो गाणी गाणाऱ्या बाईकडून आणखी दहा चित्रपटांचं संगीत मिळालं असतं, तर काही शे गाणी कमी झाली असती तरी मला चाललं असतं.

जयप्रभाच्या जागेचा सौदा झाल्याचं 2022 मध्ये उघड झालं आणि गावात उपोषणं झाली. स्टुडिओ वाचवायच्या घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. त्या घोषणा देताना एवढंही करा: येत्या गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर ही गाणी लावाल, तेव्हा संगीतकाराचं नावही माईकवरून सांगा.