मेल ‘सेंट’ झाला, पण पोहोचलाच नाही! मेल सर्व्हरची डिफॉल्ट सेटिंग्ज का तपासावीत?

बुलढाणा : समजा, खामगावच्या एका संस्थेने सोमवारी सकाळी बुलढाण्यातील कार्यालयाला निविदेची कागदपत्रे ईमेल केली. ‘सेंट’ दिसले, सगळे निश्चिंत झाले. शुक्रवारी मुदत संपली आणि शनिवारी मेल परत आला. तेवढ्या दिवसांत एसटीने जाऊन कागद हातात देता आले असते. मग आधी कळले का नाही? उत्तर संस्थेच्या मेल सर्व्हरमधील एका न बदललेल्या सेटिंगमध्ये असू शकते.

डिफॉल्ट सेटिंग म्हणजे काय?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेली किंमत म्हणजे डिफॉल्ट. पोस्टफिक्स या मोफत मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचेच पाहा. डच संगणकतज्ज्ञ वीत्से व्हेनेमा यांनी ते आयबीएममध्ये असताना तयार केले. १९९८ मध्ये ते खुले झाले. त्यात अशी शेकडो सेटिंग्ज आहेत. बहुतेकांना हात लावायची गरज नसते. पण ही तीन तपासायलाच हवीत.

१. उशिराची सूचना : समोरचा सर्व्हर बंद असेल तर पोस्टफिक्स ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मात्र ‘मेल अडकला आहे’ हे पाठवणाऱ्याला कळवण्याची वेळ डिफॉल्टमध्ये शून्य, म्हणजे सूचना बंद असते. ती ४ तास केली, तर त्याच दिवशी कळते.

२. मेलचा आकार : डिफॉल्ट मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे साधारण १० एमबी. पण जोडलेली फाइल पाठवताना एक तृतीयांशाहून जास्त फुगते. त्यामुळे ८ एमबीची स्कॅन पीडीएफही अडकते. मर्यादा वाढवता येते. मात्र ती मेलबॉक्सच्या मर्यादेपेक्षा (डिफॉल्ट सुमारे ५१ एमबी) मोठी ठेवू नये. समोरच्या सर्व्हरची मर्यादाही वेगळी असू शकते.

३. विश्वासू नेटवर्क : जुन्या आवृत्त्या शेजारच्या, म्हणजे त्याच सबनेटमधील सगळ्या संगणकांना आपल्यामार्फत मेल पाठवू देत. ऑफिसात हे चालून जायचे. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर मात्र शेजारी अनोळखी असतो. त्याने स्पॅम पाठवले, तर काळ्या यादीत आपला पत्ता जातो. २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून फक्त स्वतःच्याच संगणकावर विश्वास, असे नवे डिफॉल्ट आले.

अपडेट केले की आपोआप सुधारते का?

नाही. चालू यंत्रणा अचानक बिघडू नये म्हणून जुन्या सर्व्हरवर अपडेटनंतरही जुनीच डिफॉल्ट किंमत चालू राहते. त्याचा इशारा लॉगमध्ये येतो. अॅडमिनने ‘कम्पॅटिबिलिटी लेव्हल’ वाढवली, तरच नवे नियम लागू होतात. लॉग कोणी वाचलाच नाही, तर दार उघडेच राहते.

बदल कसा करावा?

- आधी ‘मेन डॉट सीएफ’ फाइलची प्रत काढून ठेवा.
- ‘पोस्टकॉन्फ’ कमांडने सध्याच्या किमती पाहा. लिनक्सच्या काही पॅकेजमध्ये त्या वेगळ्या असतात.
- एका वेळी एकच सेटिंग बदला, रीलोड करा, चाचणी मेल पाठवा आणि लॉग पाहा.
- काय बदलले, कधी आणि का, हे वहीत लिहा. पुढच्या माणसाला तेच उपयोगी पडते.

संस्थेचा मेल जीमेलसारख्या सेवेवर असेल, तर ही सेटिंग्ज तुमच्या हातात नसतात. स्वतःचा सर्व्हर असेल, तर पुढच्या निविदेची वाट न पाहता आजच एकदा तपासून घ्या.