समेवर न वाजणारा बेस

बेस गिटारवर हात थोडा बसला की अनेकांना लॅटिन ताल खुणावू लागतात. रॉक जमलेलं असतं, हिंदी गाण्यांचे ठेके पाठ झालेले असतात. मग एखादं साल्सा गाणं वाजवायला घेतलं की चार बारांत सगळं विस्कटतं. शिकणारा बोटांना दोष देतो आणि वेग वाढवण्याच्या मागे लागतो. मला वाटतं, बोटांआधी काही पक्क्या समजुती सोडवून घ्यायला हव्यात.

पहिली समजूत म्हणजे ‘लॅटिन’ हा एक ताल आहे. क्युबाचे सोन आणि चा-चा-चा, ब्राझीलचे सांबा आणि बोसा नोव्हा, डॉमिनिकन रिपब्लिकचा मेरेंगे, कोलंबियाची कुंबिया असे अनेक ताल या एका नावाखाली येतात, आणि बेसचं काम प्रत्येकात निराळं असतं. बोसा नोव्हात बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठामपणे उभा राहतो, बहुतेकदा मूळ स्वर आणि पंचम घेऊन. क्युबन चालीत नेमकी पहिली मात्राच टाळली जाते. म्हणून कागदावर नुसतं ‘लॅटिन’ लिहिलेलं असेल, तर वाजवण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: क्युबा की ब्राझील?

दुसरी समजूत जास्त चिवट आहे. पहिल्या मात्रेवर बेस वाजत नाही म्हणजे हा आडवा, ऑफबीट प्रकार आहे, जरा घाईत वाजवलं की जमेल, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे तर ही अडचण दुप्पट होते. आपला कान समेवर वाढलेला असतो. तबलजी कुठेही फिरून आला तरी समेवर भेटणार, ही खात्री आपल्या ऐकण्यात मुरलेली असते. त्यामुळे पहिली मात्रा रिकामी गेली की हात आपोआप तिथे स्वर टाकतो, आणि क्युबन चाल तिथेच मरते.

या चालीला तुंबाओ म्हणतात. ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ असं मोजा. बेसचे आघात दोनच ठिकाणी पडतात, ‘दोन’ नंतरच्या ‘आणि’वर आणि ‘चार’वर. समजा एक बार सी कॉर्डचा आहे, पुढचा एफचा आणि त्यापुढचा जीचा. सीच्या बारमध्ये ‘दोन-आणि’वर जी वाजतो, म्हणजे सीचा पंचम. ‘चार’वर मात्र सी येत नाही, एफ येतो. कॉर्ड अजून बदललेली नाही, तरी बेस पुढच्या बारचा मूळ स्वर एक मात्रा आधीच लावून मोकळा होतो. तो एफ बारची रेघ ओलांडून पहिल्या मात्रेवर घुमत राहतो, म्हणून तिथे नवा आघात लागत नाही. मग एफच्या बारमध्ये ‘दोन-आणि’वर सी आणि ‘चार’वर जी. म्हणजे पहिली मात्रा रिकामी नसतेच. तिथला स्वर आधीच येऊन बसलेला असतो.

हे दोनच आघात का, याचं उत्तर क्लावेत आहे. क्लावे ही दोन लाकडी काठ्यांवर वाजणारी दोन बारांची आकृती. सोन क्लावेच्या एका बारमध्ये तीन ठोके असतात, ‘एक’, ‘दोन-आणि’ आणि ‘चार’. दुसऱ्या बारमध्ये दोन, ‘दोन’ आणि ‘तीन’. आता तुंबाओ शेजारी ठेवून पाहा. तीन ठोक्यांच्या बारमधला पहिला ठोका गाळला की उरतो तो तुंबाओ. दोन ठोक्यांच्या बारमध्ये मात्र बेस आणि क्लावे कुठेच एकत्र पडत नाहीत. एका बारमध्ये भेट, दुसऱ्यात फारकत, अशी ही रचना आहे. आघात घाईत किंवा सैल पडले तर ती भेट चुकते आणि नाचणाऱ्याच्या पावलांना ते लगेच कळतं.

क्लावेबद्दलही गैरसमज आहेत. काठ्या ऐकू येत नसतील तर क्लावे नाही, असं समजू नका. पियानोची चाल, गायकाची ओळ, तिंबालेस या जोडढोलांवरचा ठोका हे सगळे तिच्याच हिशेबाने चालतात. गाण्याच्या मध्येच क्लावे ‘उलटते’ असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती अखंड चालू असते. एखादी ओळ विषम संख्येच्या बारांवर संपली की पुढची ओळ क्लावेच्या दुसऱ्या बाजूवर सुरू होते, इतकंच.

सरावाच्या बाबतीत आपल्याकडची एक सवय इथे मोलाची ठरते, ती म्हणजे पढंत. तबला-कथक शिकणारा बोल आधी तोंडाने म्हणतो, हाताने ताल धरतो. तेच इथे करावं. पाय ‘एक’ आणि ‘तीन’वर, टाळीत क्लावे, तोंडाने तुंबाओ. मग टाळीत तुंबाओ आणि तोंडाने क्लावे. हे न अडखळता होईपर्यंत गिटार पिशवीतून काढू नये असं माझं ठाम मत आहे. अवघड कॉर्ड, वेग, सजावट हे सगळं त्यानंतर.

ब्राझीलकडे वळलं की चूक वेगळ्या प्रकारची होते. सांबा दोन मात्रांचा. त्यातला सर्वात खर्ज सुर्दो ढोल दुसऱ्या मात्रेवर भरीव वाजतो आणि बेसने त्याच्या बरोबर राहायचं असतं. रॉकच्या सवयीने पहिली मात्रा जड केली की सांबा लष्करी वाटायला लागतो.

वाद्याचा प्रश्नही नेहमी येतो. हे संगीत उभ्या डबल बेसचंच, बेस गिटारवर त्याला तो आवाज नाही, असं काही जण मानतात. पण क्युबात सुरुवातीच्या सोनमध्ये खर्जासाठी मारिंबुला वाजे, म्हणजे धातूच्या पट्ट्या लावलेली लाकडी पेटी. डबल बेस त्यानंतर आला. न्यू यॉर्कच्या साल्सात 1962 साली आलेला अँपेगचा बेबी बेस रुळला, आणि तो उभा असला तरी विजेवर चालणारा. हवानात 1969 साली लोस व्हान व्हान स्थापन करणारे ह्वान फोर्मेल बेस गिटारच वाजवत. वाद्यापेक्षा स्वराची लांबी महत्त्वाची. टोनची खुंटी थोडी उतरवा, उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवा आणि अंगठ्याने छेडा. चकचकीत धातूचा आवाज जाऊन गोल, दाबलेला आवाज येतो. त्यात ‘दोन-आणि’चा स्वर आखूड ठेवा आणि ‘चार’चा घुमू द्या.

हे रक्तातच असावं लागतं, ही समजूत मला सर्वात जास्त खुपते, कारण ती शिकणाऱ्याला दारातूनच परत पाठवते. क्युबन बेसवादक इस्राएल लोपेस, म्हणजे ‘काचाओ’, 1918 साली हवानात जन्मले. त्यांच्या घराण्यात कित्येक बेसवादक होते. पण त्यांनी कोवळ्या वयापासून हवाना फिलहार्मोनिकमध्ये डबल बेस वाजवला आणि सुमारे तीस वर्षं ती बैठक सोडली नाही. ते रक्तापेक्षा तालमीचं फळ होतं. आणि 1990 साली बिलबोर्डच्या ट्रॉपिकल यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला ओर्केस्ता दे ला लूस हा साल्सा बँड जपानचा होता.

काचाओंकडेच पाहिलं तर बेस म्हणजे मागे उभं राहून साथ देणं, हाही समज टिकत नाही. काचाओ आणि त्यांचे भाऊ ओरेस्तेस यांनी मिळून दान्सोन या क्युबन नृत्यसंगीताचा शेवटचा भाग मोकळा केला. 1938 च्या ‘माम्बो’ या ओरेस्तेसच्या दान्सोनातून पुढे त्याच नावाचा नाच जगभर गेला. 1957 मध्ये काचाओंनी हवानात वादकांना रात्री एकत्र बसवून देस्कार्गा म्हणजे उत्स्फूर्त वादनाची ध्वनिमुद्रणं केली, आणि त्यांत बेस सगळ्यांना ओढत पुढे जातो. त्यांच्या ‘चांचुयो’ या रचनेतली फिरणारी ओळ बँडप्रमुख तितो पुएन्ते यांच्या ‘ओये कोमो वा’च्या मुळाशी आहे, आणि सांताना या रॉक बँडने 1970 मध्ये तेच गाणं घेतल्यावर ती ओळ रॉक ऐकणाऱ्यांच्याही कानी पडली. तिन्ही ध्वनिमुद्रणं सहज ऐकायला मिळतात. ‘चांचुयो’पासून सुरुवात करा, आणि पहिल्या खेपेला फक्त बेस ऐका.