आधी चिमटा, मग शॉकअप

सकाळी ८. शटर वर जायच्या आत पवनीकडचे काका दारात हजर. गाडी सत्तरच्या दशकातली मद्रासची बुलेट, गिअर उजव्या पायाला. "भाऊ, मांगून लय आदळते. गॅसचे शॉकअप टाकून दे." पैसे काढायला तयार, तपासू द्यायला नाही, अशा गिऱ्हाईकाला आधी चहा.

८:३०. मेन स्टँडवर गाडी, चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. बेअरिंग ठीक, खेळ चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये. वळणावर मागचा भाग डुलतो तो यामुळंच. शॉकअप कितीही भारी टाका, डुलणं जाणार नाही. शॉकअपही मेलेलेच निघाले. स्प्रिंग धक्का झेलते, पण तिची उसळी आवरतं आतलं तेल. ते गळालं की खड्डा एक, उड्या चार. १९४९च्या बुलेटला चिमटा आणि तेलाचे शॉकअप आले, तेव्हा कितीतरी गाड्यांचं मागचं चाक थेट चौकटीला जखडलेलं असे.

१०. चिमट्याची पिन गंजून बसलेली. डिझेल, हातोडा, शिव्या.

१२. चिमट्याचा नवा बुश करायला लेथवर. भंडारा पितळी भांड्यांचं गाव खरं, पण गनमेटलच्या तुकड्यासाठी हिंडावंच लागलं. बुश ठोकून बसवला की आतून किंचित आवळतो, म्हणून रीमर नंतर फिरवायचा. पिनही नवी. शॉकअप न लावता चिमटा उचलून सोडला. स्वतःच्या वजनानं सावकाश उतरला. जमलं.

२. डबा.

३. गॅसमुळं तेलाला फेस लवकर येत नाही, हे खरं. पण धानाचं पोतं बांधून चाळीसनं जाणाऱ्याला साधे तेलाचे पुरतात. लांबी मात्र जुन्याइतकीच हवी. उंच शॉकअपनं मागचा भाग उचलला जातो, हँडल चंचल होतं, साखळी चिमट्याला घासते. पोत्यासाठी स्प्रिंगची रिंग एक खाच चढवायची, एकट्यानं जाताना उतरवायची. काकांना दोनदा करायला लावलं.

४:३०. काकांना सीटवर बसवून मोजलं: शॉकअपच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाडी दबली पाहिजे. साखळीचा ढील मात्र पुढचं चक्र, चिमट्याची पिन आणि चाकाचा आस एका रेषेत आणून बघायचा. साखळी तिथंच सर्वांत ताणते. स्टँडवर बघून ताणली, तर भार पडल्यावर गिअरबॉक्सला ओढते.

५:३०. कारध्याच्या पुलापर्यंत फेरी. गतिरोधकावर एकदाच दबली, उठली, थांबली. परत येऊन शॉकअपचे नट पुन्हा आवळले. नवे रबर दबले की ते ढिले पडतात.