पंचाची शिट्टी आणि चाहत्यांचा न्याय

६ ऑक्टोबर २००७. वेल्समधील कार्डिफ शहराच्या मिलेनियम स्टेडियमवर विश्वचषक रग्बी स्पर्धेतील न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्यातील उपान्त्यपूर्व सामना रंगात आला होता. विजेतेपदाचा सर्वांत प्रबळ दावेदार मानला जाणारा न्यूझीलंडचा संघ मध्यंतराला १३-३ असा आघाडीवर होता. उत्तरार्धात फ्रान्सने बरोबरी साधली, न्यूझीलंडने पुन्हा १८-१३ अशी आघाडी घेतली आणि अखेरची दहा-बारा मिनिटे उरली असताना फ्रान्सच्या यानिक जोझिओंने ट्राय नोंदवला. त्यानंतरची किक यशस्वी झाली आणि सामना २०-१८ असा फ्रान्सच्या बाजूने फिरला. मात्र त्या ट्रायच्या आधी देमियां त्राइने फ्रेडरिक मिशलाककडे दिलेला पास स्पष्टपणे पुढच्या दिशेने गेला होता. रग्बीत हाताने चेंडू पुढे देण्यास सक्त मनाई आहे. दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोकांना दिसलेली ही चूक मैदानावरील २८ वर्षांचे इंग्लिश पंच वेन बार्न्स आणि त्यांचे सहकारी यांना दिसली नाही.

न्यूझीलंडमध्ये त्यानंतर उसळलेला संताप केवळ त्या एका पासपुरता नव्हता. उत्तरार्धात आपल्या संघाला एकही पेनल्टी मिळाली नाही, ही बाब तेथील चाहत्यांच्या जिव्हारी लागली. बार्न्स यांना जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. प्रशिक्षक ग्रॅहॅम हेन्री यांनी पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रात या सामन्याच्या प्रामाणिकपणाविषयीच शंका उपस्थित केल्या आणि जुनी जखम पुन्हा उघडी पडली. चूक मान्य असूनही तिचा अर्थ काय लावायचा, हा वाद मात्र मिटला नाही. रग्बीचे चाहते पंचांविषयी इतक्या तीव्रतेने का बोलतात आणि त्यातील किती बोलणे न्याय्य असते, हे समजून घेण्यासाठी या खेळाचा इतिहास आणि त्याचे नियम दोन्ही पाहावे लागतात.

वादातून जन्मलेली संस्था

रग्बीची आंतरराष्ट्रीय नियामक संस्थाच मुळी एका वादग्रस्त निर्णयातून जन्माला आली. १८८४ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यात एका स्कॉटिश खेळाडूने चेंडू हाताने मागे टोलवला. स्कॉटलंडच्या मते तो नियमभंग होता आणि खेळ तेथेच थांबायला हवा होता. इंग्लंडचे म्हणणे असे, की तसा नियमच नाही; शिवाय स्वतःच्या चुकीचा लाभ स्कॉटलंडने का घ्यावा? त्या हालचालीतून इंग्लंडने ट्राय केला आणि सामना जिंकला. वाद एवढा विकोपाला गेला, की १८८५ मध्ये या दोन देशांत सामनाच झाला नाही. नियमांचा अर्थ ठरवण्यासाठी तटस्थ व्यासपीठ हवे, या भावनेतून १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. इंग्लंड त्यात १८९० मध्ये सामील झाले. आजची ‘वर्ल्ड रग्बी’ ही संस्था त्याच मंडळाचे रूप आहे.

हे दोन्ही संघ ज्या करंडकासाठी खेळतात, त्याचे नाव ‘कलकत्ता कप’ हे भारतीय वाचकांना विशेष वाटेल. कलकत्त्यातील ब्रिटिशांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेण्यात आली आणि ते रुपये वितळवून हा करंडक घडवला गेला. त्याच्या मुठी नागाच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. या करंडकासाठीचा पहिला सामना १८७९ मध्ये झाला आणि तो अनिर्णीत राहिला.

कार्डिफलाही वादाची जुनी परंपरा आहे. १६ डिसेंबर १९०५ रोजी याच शहरात वेल्सने न्यूझीलंडला ३-० असे हरवले. न्यूझीलंडच्या त्या प्रदीर्घ दौऱ्यातील तो एकमेव पराभव होता. बॉब डीन्स या खेळाडूने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला होता, पण वेल्सच्या खेळाडूंनी आपल्याला मागे खेचले, असे त्याचे म्हणणे होते. स्कॉटिश पंच जॉन डॅलस यांनी ट्राय नाकारला. आपण ट्राय केलाच होता, अशी तार डीन्सने एका इंग्रजी वृत्तपत्राला पाठवली. १९०८ मध्ये वयाच्या २४व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. वाद मात्र शंभर वर्षांनंतरही दोन्ही देशांतील क्रीडारसिकांच्या गप्पांत जिवंत राहिला.

नियमाच्या आत दडलेला निवाडा

क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडून कुठे गेला, बॅटला लागला की नाही, हे बहुतांशी वस्तुस्थितीचे प्रश्न असतात. रग्बीत तीस खेळाडू एकाच वेळी चेंडूसाठी झुंजत असतात आणि पंचाला वस्तुस्थितीबरोबरच हेतू, परिणाम व धोका यांचाही निवाडा क्षणार्धात करावा लागतो.

पुढे गेलेल्या पासचेच उदाहरण घ्यावे. नियम वरवर सोपा आहे. पण पास पुढे गेला की नाही हे ठरवताना चेंडू मैदानावर कुठे पडला हे नव्हे, तर तो खेळाडूच्या हातातून कोणत्या दिशेने सुटला हे पाहिले जाते. धावत्या लोकलमध्ये वर उडवलेले नाणे पुन्हा हातातच पडते, कारण नाण्यालाही गाडीचा वेग मिळालेला असतो. तसेच सेकंदाला सात मीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूने चेंडू सेकंदाला दोन मीटर वेगाने मागे टाकला, तरी अर्ध्या सेकंदात तो जमिनीच्या दृष्टीने सुमारे अडीच मीटर पुढेच जातो. हा पास पूर्णतः वैध असतो. मैदानावरील आखलेल्या रेषांशी तुलना करून ‘पास पुढे गेला’ असा ओरडा करणारा प्रेक्षक अनेकदा म्हणूनच फसतो. २००७ मधील पास या कसोटीवरही चुकीचाच ठरतो, ही गोष्ट वेगळी.

त्याहून गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे ‘रक’. पाडलेल्या खेळाडूभोवती दोन्ही संघांचे खेळाडू उभ्याने एकमेकांना रेटत चेंडूवर ताबा मिळवू पाहतात, त्याला रक म्हणतात. पाडणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला सोडून बाजूला व्हावे, पडलेल्याने चेंडू सोडावा, बाकीच्यांनी आपल्याच बाजूने आत शिरावे आणि पायांवर उभे राहावे, असे नियम आहेत. एका सामन्यात असे शंभराहून अधिक प्रसंग येतात आणि त्यांतील बहुतेकांत कुणाचा ना कुणाचा बारीकसा नियमभंग होतोच. प्रत्येक वेळी शिट्टी वाजवली, तर खेळच उरणार नाही. म्हणून त्या चुकीचा खेळावर खरोखर परिणाम झाला का, याचा विचार करून पंच निर्णय देतात. ज्या संघाला पेनल्टी मिळत नाही, त्याच्या चाहत्यांना हाच विवेक पक्षपात वाटू लागतो.

तंत्रज्ञानाने काय साधले?

२००७ मध्ये दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाचे अधिकार मुख्यतः गोलरेषेजवळ चेंडू टेकला की नाही, एवढ्यापुरतेच होते. जोझिओंच्या ट्रायआधीचा पास तपासण्याची सोयच नव्हती. पुढील दशकात हे अधिकार वाढवण्यात आले. पण प्रत्येक मर्यादा हटली नाही आणि जी राहिली तिच्यावरूनच नवा वाद उभा राहिला.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी लंडनजवळील ट्विकेनहॅम येथे विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात स्कॉटलंड ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३४-३२ असा आघाडीवर होता. अखेरच्या क्षणांत दक्षिण आफ्रिकेचे पंच क्रेग जुबेर यांनी स्कॉटलंडविरुद्ध पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती साधली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ असा जिंकला. चेंडू मध्ये ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूला लागला असल्याने पेनल्टीऐवजी स्क्रम द्यायला हवा होता, असे दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीनेच जाहीर केले. अशा प्रकारच्या निर्णयासाठी तिसऱ्या पंचाची मदत घेण्याची मुभा जुबेर यांना नव्हती, हेही संस्थेने सांगितले. पहिल्या विधानाने स्कॉटिश चाहत्यांचा राग न्याय्य ठरवला. दुसऱ्याने त्या रागाचा रोख पंचाकडून नियमावलीकडे वळायला हवा होता. तसे फारसे घडले नाही.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळच्या स्टॅड द फ्रान्सवर याच्या उलट तक्रार पुढे आली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडसमोर दक्षिण आफ्रिका होती आणि पंच होते तेच वेन बार्न्स. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याने केलेल्या उंच टॅकलसाठी आधी पिवळे कार्ड दाखवण्यात आले. मैदानाबाहेरील पंचांच्या ‘बंकर’मधील फेरतपासणीनंतर ते लाल झाले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिला खेळाडू. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचे पिवळे कार्ड मात्र फेरतपासणीनंतरही पिवळेच राहिले. त्याच सामन्यात आरन स्मिथचा ट्राय त्याआधीच्या लाइनआउटमधील चुकीमुळे रद्द झाला. अशा चुकीसाठी तिसऱ्या पंचाने खेळाच्या दोन टप्प्यांपलीकडे मागे जाऊ नये, असा संकेत होता आणि ही चूक त्याहून आधीची होती. म्हणजे चूक खरी होती, पण ती पाहण्याचा अधिकार नव्हता. २००७ मध्ये तंत्रज्ञानाने काहीच पाहिले नाही म्हणून रडलेला संघ २०२३ मध्ये त्याने जास्तच पाहिले म्हणून हळहळला. दक्षिण आफ्रिकेने सामना १२-११ असा जिंकला.

तंत्रज्ञानामुळे चुका कमी झाल्या, यात शंका नाही. परंतु दोन कर्णधारांपैकी एकाच्या टॅकलमध्ये धोका कमी होता की जास्त, हे कोणताही कॅमेरा सांगू शकत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

चाहत्याच्या नजरेतील दोष

एकच सामना दोन बाजूंचे प्रेक्षक वेगवेगळा पाहतात, हे निरीक्षण जुने आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत झालेल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका धसमुसळ्या सामन्याचे चित्रण दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडील विद्यार्थ्यांना दाखवले. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग मोजताना प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या विद्यार्थ्यांपेक्षा दुपटीने अधिक नियमभंग दिसले. चित्रफीत एकच होती. यातील कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाला जे दिसले तेच त्याने सांगितले होते.

दुसरा दोष निकालाच्या गणिताचा. कार्डिफमध्ये तो ट्राय झाल्यानंतरही न्यूझीलंडकडे दहा मिनिटांचा अवधी आणि बराच काळ चेंडूचा ताबा होता. तीन गुण देणारा ड्रॉप गोल वेळीच साधला असता, तर संघ जिंकला असता. २०२३ मध्ये बोडेन बॅरेटच्या ट्रायनंतरची रिची मोउंगाची किक आणि पुढे जॉर्डी बॅरेटची लांब पल्ल्याची पेनल्टी या दोन्ही हुकल्या. त्यातील एकही साधली असती, तर चषक न्यूझीलंडकडे गेला असता. पंचाची चूक आणि पराभवाचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक मानल्या, की आपल्या संघाची कामगिरी तपासण्याचे कष्ट वाचतात.

भारतीय क्रीडारसिकांना हे नवे नाही. जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटीनंतर येथे उसळलेला क्षोभ आणि पुढील पर्थ कसोटीतून स्टीव्ह बकनर यांना बाजूला सारले जाणे अनेकांच्या स्मरणात असेल.

टीका आणि छळ यांतील सीमा

रग्बीची ख्याती पंचाचा मान राखणारा खेळ अशी आहे. पंचाशी केवळ कर्णधाराने बोलावे, त्याला ‘सर’ म्हणावे, हुज्जत घातल्यास संघाला दहा मीटरचा फटका बसावा, अशी तिची शिस्त आहे. या परंपरेला २०२१ मध्ये मोठा तडा गेला. ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धच्या पहिल्या कसोटीत १७-२२ असा पराभव झाल्यावर दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रासी इरॅस्मस यांनी ऑस्ट्रेलियन पंच निक बेरी यांच्या निर्णयांची चिरफाड करणारी ६२ मिनिटांची चित्रफीत बनवली आणि ती सर्वत्र पसरली. दक्षिण आफ्रिकेने पुढे ती मालिका २-१ अशी जिंकली. इरॅस्मस यांच्यावर दोन महिन्यांची बंदी आली, तसेच सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत सामन्याच्या दिवशीच्या कामकाजातून त्यांना दूर ठेवण्यात आले.

२०२३ च्या अंतिम सामन्यानंतर बार्न्स यांनी १११ आंतरराष्ट्रीय सामन्यांची कारकीर्द थांबवली. पेशाने वकील असलेल्या बार्न्स यांच्या कुटुंबालाही धमक्या सोसाव्या लागल्या होत्या. त्या सामन्यातील तिसरे पंच टॉम फोली यांनी वाढत्या शिवीगाळीमुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहण्याचा निर्णय घेतला. शिट्टी हाती घेणारी माणसेच कमी होऊ लागली, तर सर्वाधिक नुकसान खेळाचे आणि म्हणूनच चाहत्याचे होणार आहे.

याचा अर्थ पंचांवर टीकाच करू नये असा नाही. १८८४ च्या वादातून नियामक मंडळ उभे राहिले. डोक्याला होणाऱ्या दुखापतींवरील चर्चेतून उंच टॅकलचे निकष कडक झाले. एका खेळाडूच्या चुकीने पूर्ण सामना बिघडू नये म्हणून २० मिनिटांनंतर बदली खेळाडू आणता येणारे लाल कार्ड २०२५ च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत वापरले गेले. ही सारी फलिते जाणकार टीकेची आहेत. अशी टीका करणारा चाहता प्रथम नियम काय आहे हे पाहतो, मग पंचाला ते तेथून दिसणे शक्य होते का हे विचारतो आणि शेवटी, आपल्या संघाच्या बाजूने असाच निर्णय लागला असता तर आपण गप्प बसलो असतो का, हे स्वतःला विचारतो.

मुंबईत बॉम्बे जिमखान्याने रग्बी अनेक दशके जपली आणि २०२५ मध्ये याच शहरात सात खेळाडूंच्या रग्बीची फ्रँचायझी लीगही झाली. येथे या खेळाचा चाहता घडत असताना शेवटचा प्रश्न त्यानेही विचारायला हवा. न्यूझीलंडच्या चाहत्यांना त्याचे उत्तर २०११ मध्येच देता आले असते. त्या वर्षी ऑकलंडच्या ईडन पार्कवर त्यांनी विश्वचषक जिंकला, तो याच फ्रान्सला ८-७ असे एका गुणाने हरवून. अखेरच्या मिनिटांत आपल्याला हक्काच्या पेनल्टी नाकारल्या गेल्या, अशी तक्रार त्या वेळी फ्रेंच चाहते करीत होते. त्या सामन्याचे पंच होते क्रेग जुबेर. ऑकलंडमध्ये त्या रात्री त्यांच्याविरुद्ध कोणी ब्र काढला नाही.