झाड एकच, नावं दोन: पिंक लेडी सफरचंदाचा धंदा

ब्रँड म्हणजे लोगो आणि पिशवीवर छापलेलं नाव, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आज एका सफरचंदाचं उदाहरण घेऊया.

1973 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात, तिथल्या सरकारी कृषी खात्यात काम करणाऱ्या जॉन क्रिप्स यांनी दोन जातींचा संकर केला, लेडी विल्यम्स आणि गोल्डन डिलिशस. एक जात टिकाऊ आणि कडक, दुसरी गोड. त्यातून जी जात निवडली तिचं नाव क्रिप्स पिंक.

आता नीट लक्ष द्या. क्रिप्स पिंक हे झाडाच्या जातीचं नाव. पिंक लेडी हा ट्रेडमार्क. बागेतल्या प्रत्येक फळाला पिंक लेडीचं स्टिकर मिळत नाही. रंग, गोडी, कडकपणा ठरलेल्या मापात बसला तरच मिळतं. नाही बसला तर तेच फळ, त्याच झाडाचं, क्रिप्स पिंक म्हणून कमी भावात जातं. म्हणजे शेतकऱ्याचा सगळा खेळ एकाच प्रश्नावर: शंभरातली किती फळं स्टिकरपर्यंत पोहोचली?

आणि इथे बागेतलं काम सुरू होतं. गालासारखी जात फुलोऱ्यानंतर साधारण चार महिन्यांत तयार होते, हिला लागतात 200 दिवसांच्या आसपास. एवढा काळ फळ झाडावर, म्हणजे ऊन, गारपीट, किडी सगळं सोसायचं. खर्चही तेवढाच लांबतो. गुलाबी रंग येतो तो शेवटच्या काही आठवड्यांत, थंड रात्री आणि भरपूर उजेड मिळाला तर. म्हणून फांद्यांची छाटणी मोकळी ठेवतात, फळाला झाकणारी पानं काढतात, काही जण झाडाखाली चकचकीत कापड अंथरतात, खालूनही उजेड पडावा म्हणून. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि रंग मार खातो. फळं विरळ करावी लागतात, आणि तोडणी एका दमात नाही, रंग येईल तशी दोन-तीन फेऱ्यांत. रंगासाठी फार थांबलात तर साल तेलकट होते आणि साठवणीत गर तपकिरी पडायची भीती. पुढे रोझी ग्लो नावाची जास्त रंगणारी उपजात ऑस्ट्रेलियातच सापडली. मापात बसली तर तीही पिंक लेडी म्हणूनच विकली जाते.

मला यात सगळ्यात हुशारीची वाटते ती नावांची ही फारकत. नव्या जातीवरचा हक्क ठरावीक वर्षांनी संपतो. आपल्याकडे 2001 च्या कायद्यात झाडांसाठी ही मुदत 18 वर्षं आहे. ट्रेडमार्क मात्र दर 10 वर्षांनी रिन्यू करत राहिलं की चालतच राहतो. पण खरी ताकद नापास माल बाजूला काढण्यात आहे. हापूसचं बघा ना. 2018 ला जीआय मिळालं, तरी पेटीवर देवगड आणि आत भलताच आंबा, हे चालूच. नाव आहे, पण पेटी उघडून तपासणारं कोण?

तुमचा मसाला असो की चिवडा, आधी कागदावर लिहा: कुठला माल माझ्या नावाने जाणार नाही. तो सुटा, बिननावाचा विका. मग ट्रेडमार्कचा अर्ज. मसाल्यासाठी वर्ग 30, ताज्या फळांसाठी 31. ऑनलाइन भरला तर वैयक्तिक अर्जदाराला एका वर्गाची सरकारी फी 4,500 रुपये.