सिलिंडर, सासूबाई आणि मी

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पनवेलचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या रात्री तो तसाच, ताल न सोडता कोसळत होता. पावणेतीनच्या सुमारास न्हाणीघराच्या बाजूनं काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी दचकून उठले. दिवा लावून बघते तो सासूबाई भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून जमिनीवर बसलेल्या.

"आई, लागलं का कुठे?"

"लागलं नाही गं. पण उठताच येत नाहीये."

हात-पाय हलवून पाहिले, कंबर चाचपली. खरोखरच लागलं नव्हतं. आता नुसतं उठवून बिछान्यापर्यंत न्यायचं. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, वजन शेहेचाळीस किलो. मी सत्तावन्न वर्षांची, धडधाकट म्हणवून घेणारी. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं, पदर खोचून पुन्हा ओढलं, मागून कवेत घेऊन पाहिलं. त्या चार बोटं वर येत आणि पुन्हा खाली बसत. हे लग्नासाठी पुण्याला गेलेले. एवढ्या रात्री शेजाऱ्यांना उठवायचं कसं, या संकोचात आम्ही दोघी सासवा-सुना चाळीस मिनिटं ओल्या फरशीवर बसून होतो. शेवटी मी शेजारचं दार वाजवलंच. त्यांचा कॉलेजातला मुलगा आला, त्यानं आजींना अलगद उभं केलं आणि जांभई देत परत गेला. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

सासूबाई झोपल्या, मला झोप लागेना. एकीला स्वतःचं शरीर उचलता येत नव्हतं आणि दुसरीला तिला उचलता येत नव्हतं. आज त्या जिथे आहेत, तिथे पंचवीस वर्षांनी मी असणार, हा हिशेब करायला गणित फारसं लागत नाही. मग आठवलं, की गॅसचा भरलेला सिलिंडर दारातून ओट्याखाली न्यायलाही मी वर्षानुवर्षं कुणाची तरी वाट बघत आले आहे. आत १४.२ किलो गॅस, लोखंडाचं वजन जवळपास तेवढंच, म्हणजे एकूण तीसेक किलो. ज्या घरात मी तीस वर्षं राबले, त्या घरातल्या रोजच्या वस्तूनंच मला हरवलं होतं.

मांसाचं दारिद्र्य

आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना तपासलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय व्यायाम करता?" मी वडाळे तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारते, असं अभिमानानं सांगितलं. "चालणं उत्तम. हृदयाला चांगलं. पण चालून ताकद येत नाही," ते म्हणाले.

माणसाचे स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अमेरिकेतले पोषणशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली या झिजेला 'सार्कोपेनिया' असं नाव सुचवलं. ग्रीकमधला हा शब्द. त्याचा अर्थ मांसाचं दारिद्र्य. दारिद्र्य जसं एका दिवसात येत नाही तसंच हे. आधी जिना चढताना कठड्याला हात जातो, मग खुर्चीतून उठताना 'हुश्श' होतं, मग भारतीय बैठकीचा संडास नको होतो, आणि एके रात्री फरशीवरून उठता येत नाही.

"घरकाम हाच बायकांचा व्यायाम," हे वाक्य मी जन्मभर ऐकलं आणि इतरांना ऐकवलंही. त्यात तथ्य नाही असं नाही. आमच्या भागात भाताची लावणी करणाऱ्या, मिठागरात टोपल्या वाहणाऱ्या, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांना ताकद काय असते हे कुणी शिकवायला नको. पण माझ्यासारखीचं घरकाम म्हणजे तीच बादली, तोच कुकर, तीच कणीक. शरीर मोठं हिशेबी असतं. रोज तेवढंच मागितलं, तर ते तेवढंच देतं, आणि हळूहळू त्याहून कमी देऊ लागतं. ताकद वाढायची तर मागणी थोडीथोडी वाढवत न्यावी लागते. प्राचीन ग्रीसमधल्या मायलो नावाच्या मल्लाची कथा सांगतात, की तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालायचा. वासरू वाढत गेलं, तशी त्याची ताकदही. कथा अतिशयोक्तीची असेल, तत्त्व खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे गुडघे सुधारताना थॉमस डेलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांनी हेच तत्त्व पद्धतशीर वापरलं आणि तिथून ते वैद्यकात रुजलं.

"पण या वयात?" मी विचारलं. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेली हकिकत मी पुढे अनेकांना सांगितली. १९९० साली मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून पायांसाठी वजनांचा व्यायाम करून घेतला. सरासरी वय नव्वद! आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होत असेल, तर सत्तावन्नला सबब उरत नाही.

काकू, आज वजन नाही

सबब उरली नाही, तरी लाज होतीच. पहिल्यांदा ज्या जिममध्ये गेले तिथे भिंतभर आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी आणि माझ्या मुलाहून लहान पोरं. तिथल्या प्रशिक्षकानं काही न विचारता पहिल्याच दिवशी पाऊणशे बैठका काढायला लावल्या. पुढचे पाच दिवस मी जिना बसून उतरले. वर प्रोटीनच्या पावडरीचा डबा घ्यायचा आग्रह! महिन्याचे पैसे भरलेले होते, ते सोडून दिले.

दुसऱ्या ठिकाणी जी मुलगी भेटली ती सत्तावीस वर्षांची. पहिला आठवडाभर मी तिला "मॅडम" म्हणत होते आणि ती मला "काकू". मग तीच म्हणाली, "काकू, मला अगंच म्हणा." पहिल्या दिवशी तिनं एक शंभर पानी वही काढली. रक्तदाब आहे का, शस्त्रक्रिया झाली आहे का, गुडघे कधी दुखतात, झोप कशी लागते, दिवसभरात डाळ-उसळ-दूध किती पोटात जातं. मी विचारलं, "वजनं कधी?"

"काकू, आज वजन नाही. आज खुर्ची."

हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. सहाव्या वेळी माझा हात आपोआप मांडीवर टेकला. तिनं वहीत '५' लिहिलं. त्या पाचाचा मला भयंकर राग आला. पुढे महिनाभर खुर्ची, भिंतीला हात लावून जोर आणि कमरेतून वाकण्याचा सराव. कणा सरळ ठेवून, गुडघे किंचित दुमडून, पार्श्वभाग मागे नेत वाकायचं. आयुष्यभर मी बादली पाठीनं उचलत होते, पायांनी नव्हे, हे तेव्हा उमगलं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. मग हातात दोन-दोन किलोची डंबेल्स आली, मग चार-चार, आणि पाचव्या महिन्यात जमिनीवरून उचलायची दांडी. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. मधला दिवस विश्रांतीचा, कारण स्नायू व्यायामानंतरच्या आरामात आणि खाण्यातून बळकट होतात.

पहिल्या दोन महिन्यांत आरशात काहीही फरक दिसला नाही, पण वहीतले आकडे मात्र वाढत होते. सुरुवातीची ताकद स्नायू वाढल्यामुळे येत नाही. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना एकदम कामाला लावायला शिकतात, म्हणून येते. हे ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ जण "काही उपयोग नाही" म्हणून दुसऱ्या महिन्यात पळ काढतात.

मैत्रिणी म्हणायच्या, "पैलवान होशील हं!" बायकांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक इतकं कमी असतं, की तसे दंड फुगवायला वर्षानुवर्षं वेगळी साधना करावी लागते. आणि झालेच पैलवान, तर बिघडलं कुठे? सन २००० मध्ये सिडनीला वजन उचलूनच कर्णम मल्लेश्वरीनं भारतीय स्त्रीचं पहिलं ऑलिंपिक पदक आणलं होतं.

वस्तादाची नजर

माणूस पैसे देऊन व्यायामाला शिक्षक ठेवतो, हे आमच्या ह्यांना प्रथम चैनीचं वाटलं. महिन्याचे चार हजार! "बैठका काय, घरीही काढता येतात." मी म्हटलं, "गाणंही घरी म्हणता येतं, मग गुरू कशाला करतात?"

खरं तर ही कल्पना आपल्याला परकी नाहीच. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर शिरढोण येतं. १८४५ साली तिथे जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात शरीर कमवायला गेले ते लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे. जोतीराव फुलेही त्यांच्याच तालमीतले. पुढे एडनच्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून बाहेर पडलेले वासुदेव बळवंत आपण अभिमानानं सांगतो. ती ताकद घडवणाऱ्या वस्तादाची आठवण मात्र क्वचितच काढतो. तालीम म्हणजे नुसती लाल माती नव्हे. कुणाचा पाय कुठे चुकतो, कोण आज थकून आलाय, कुणाला आवरायचं आणि कुणाला हाकायचं, हे ओळखणारी नजर म्हणजे तालीम. फक्त त्या तालमींची दारं बायकांना बहुतेक बंद होती. माझ्या आजीला जे मिळालं नाही, ते मला चार हजारांत मिळत होतं.

चांगला शिक्षक ओळखायचा कसा, हे मला अनेक जणी विचारतात. माझ्या अनुभवापुरतं सांगते. जो आधी तुमची दुखणी विचारतो, लिहून ठेवतो, तुमच्या हालचालीकडे बघतो आणि मोबाइलकडे बघत नाही, पावडरी विकत नाही आणि "महिन्यात दहा किलो कमी करतो" असं सांगत नाही, तो चांगला. हृदयविकार, रक्तदाब, हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे तर आलंच.

सुरू करणं सोपं, टिकणं अवघड

माझंही गाडं अडलं. गणपती, मग पाहुणे, मग ताप, असे सलग पाच आठवडे गेले. आता तिला तोंड कसं दाखवायचं म्हणून आणखी एक आठवडा गेला. शेवटी तिचाच फोन आला. रागावली नाही. म्हणाली, "काकू, खुर्ची वाट बघतेय." गेले, तर तिनं वजनं निम्मी केली आणि वहीत त्या सहा आठवड्यांच्या जागी नुसती एक रेघ मारली. रेघेखाली नवी तारीख. व्यायाम कधीच चुकू न देणं म्हणजे चिकाटी, असं मी समजत होते. चुकल्यावर परत जाणं म्हणजे चिकाटी, हे त्या रेघेनं शिकवलं.

खरी परीक्षा दीड वर्षानं झाली. तिचं लग्न ठरलं आणि ती नाशिकला गेली. जाताना ती वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तुम्ही लिहायचं." पहिले काही दिवस मी कुणी विचारणारं नाही म्हणून टाळाटाळ केली. मग घरातच एक विद्यार्थिनी सापडली.

सासूबाई! "मला पण लिही की वहीत," त्या म्हणाल्या. डॉक्टरांची परवानगी घेतली. रोज दुपारच्या चहाआधी स्वयंपाकघरात खुर्ची. पहिल्या दिवशी दोन्ही हात टेकून त्या तीनदा उठल्या. वहीत '३' पडला आणि त्या पाचावर मी चिडले होते, तशाच त्या तिनावर चिडल्या. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हेही चालू झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या सूचनांतही मोठ्यांना आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितलेले आहेत. ताईनं जाण्यापूर्वी शिकवलेली आणखी एक युक्ती आम्ही घोटली. पडल्यावर आधी कुठे लागलंय का बघायचं, घाई करायची नाही. कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, समोर भक्कम खुर्ची घ्यायची, एक पाऊल पुढे रोवायचं आणि पायाच्या जोरावर वर यायचं.

आज मी साठीची आहे. दांडीवर चाळीस किलो उचलते. सिलिंडर आला की तो दारातून ओट्याखाली मीच नेते, आणि हे कौतुकानं बाजूला उभे राहतात. वजनकाट्यावर तीन किलो कमी झाले म्हणतात. मला त्याचं विशेष वाटत नाही.

गेल्या आषाढात सासूबाई पुन्हा पडल्या. या वेळी भरदुपारी, देवघरापाशी. मी धावले. लागलं नव्हतं. मी काखेत हात घालायला वाकले, तर त्यांनी हात झटकला.

"थांब. खुर्ची आण."

मी खुर्ची आणली आणि घट्ट धरून उभी राहिले. त्या कुशीवर वळल्या, हातागुडघ्यांवर आल्या, दम घेतला, उजवं पाऊल पुढे रोवलं. पंच्याऐंशी वर्षांचे ते पाय थरथरत होते. पण त्या उठल्या. मी फक्त खुर्ची धरली होती.

उभं राहिल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लिही वहीत."